उखळ, जातं आणि माझदाचं इंजिन

आखातात किंवा इंग्लंडात नोकरीला असलेला मुलगा घरच्यांना मोबाईलवर एका गाडीचा फोटो पाठवतो. लाल किंवा चंदेरी रंग, जमिनीला टेकल्यासारखी बैठक, मागची छोटी दारं कपाटासारखी उलटी उघडणारी. फोटोखाली एकच ओळ असते, 'अब्बा, किंमत बघा.' किंमत खरोखर कमी असते. घरात लगेच दोन पक्ष पडतात. धाकटी भावंडं खूश होतात. अम्मीला वेगाची काळजी वाटते. अब्बा मात्र एकच गोष्ट विचारतात, 'एवढी देखणी गाडी लोक एवढ्या स्वस्तात का विकतायत?'

गाडी असते माझदा आरएक्स-८, आणि अब्बांचा प्रश्न अगदी योग्य आहे. या महिन्याचं पान त्या प्रश्नाला दिलं आहे. आपल्या किती तरी घरांतली मुलं परदेशात कमावतात. त्यांची पहिली मोठी खरेदी बहुधा गाडीच असते आणि त्या कमाईवर इथे भावाची फी, बहिणीचं लग्न, घराचं छप्पर अवलंबून असतं. शौक असावा, पण तो कशाशी गाठ घालतो आहे हे आधी कळलेलं बरं.

आपल्या भागात जुन्या माणसांना माझदा हे नाव ठाऊक आहे ते स्वराज माझदाच्या मिनीबसमुळे. शाळेच्या सहलींना आणि वऱ्हाडाला त्या बस खूप वापरल्या गेल्या. त्यांचं इंजिन साधं डिझेलचं होतं आणि तालुक्याच्या कुठल्याही गॅरेजात त्याचं काम होत असे. आरएक्स नावाच्या स्पोर्ट्स गाड्या मात्र भारतात रीतसर विकल्या गेल्या नाहीत. त्यामुळे मुलाने इथल्या ओळखीच्या मेकॅनिकचाचांना फोन करून सल्ला विचारला, तर ते बिचारे आपल्या अनुभवातून साध्या इंजिनाचा सल्ला देणार. या गाडीचं इंजिन साधं नाही. साध्या इंजिनाचे नियम लावले की ते बिघडतं, आणि मग 'रोटरी म्हणजे कटकट' असं म्हणायला सगळे मोकळे होतात.

मुसळाऐवजी जातं

रोटरी म्हटलं की आपल्याला आधी रोटरी क्लब आठवतो. त्या क्लबच्या सुरुवातीच्या सभा आळीपाळीने एकेका सभासदाच्या कचेरीत भरत, त्यावरून त्याचं नाव पडलं. इथे मात्र रोटरी म्हणजे शब्दशः फिरणारं.

नेहमीच्या इंजिनात पिस्टन सिलिंडरमध्ये वर-खाली होतो. उखळात मुसळ चालतं तसंच समजा. मुसळ दर वेळी वर जाऊन थांबतं, दिशा बदलतं, खाली येऊन पुन्हा थांबतं. या वर-खालीचं गोल फिरण्यात रूपांतर करायला दांडे लागतात, आणि हवा आत घ्यायला व धूर बाहेर सोडायला उघडझाप करणारे व्हॉल्व्ह लागतात.

रोटरी इंजिनात मुसळाच्या जागी जातं आलं. तीन कोपऱ्यांचा, कडा फुगीर असलेला लोखंडाचा एक जाड तुकडा आत फिरत असतो. त्याला रोटर म्हणतात. तो ज्या पोकळीत फिरतो तिचा आकार भुईमुगाच्या दोन दाण्यांच्या शेंगेसारखा असतो, फक्त कंबर अगदी थोडी आत गेलेली. रोटरचे तिन्ही कोपरे सतत भिंतीला टेकलेले असतात. त्यामुळे रोटर आणि भिंत यांच्यामध्ये तीन खोल्या तयार होतात. रोटर फिरतो तशी प्रत्येक खोली मोठी होते, लहान होते. त्यातच हवा-पेट्रोल आत येतं, दाबलं जातं, ठिणगीने पेटतं आणि धूर बाहेर जातो. रोटरचा एक फेरा होतो तेव्हा मधला शाफ्ट तीन वेळा फिरलेला असतो.

या रचनेत व्हॉल्व्ह नाहीत, कॅमशाफ्ट नाही, टायमिंग बेल्ट नाही. फिरणारे भाग मोजकेच. इंजिन लहान, हलकं आणि कमालीचं मऊ चालणारं. आरएक्स-८मध्ये ६५४ सीसीचे दोन रोटर आहेत, म्हणजे सगळं मिळून १३०८ सीसी. त्या काळात एवढ्या सीसीची घरगुती गाडी शंभरच्या आतच हॉर्सपॉवर देई. आरएक्स-८ची वरची आवृत्ती २३०च्या आसपास देते आणि तिचा काटा मिनिटाला ९००० फेऱ्यांपर्यंत जातो. पोरं या गाडीवर भाळतात त्याला कारण आहे.

मग दुखणं कुठे आहे? ते त्या तीन कोपऱ्यांत आहे. प्रत्येक कोपऱ्यात एक बारीक पट्टी बसवलेली असते. तिला एपेक्स सील म्हणतात. पट्टीच्या मागे स्प्रिंग असते, ती पट्टीला भिंतीवर दाबून धरते. प्रेशर कुकरचं रबर जे काम करतं तेच ही पट्टी करते, म्हणजे दाब निसटू देत नाही. फरक एवढाच की कुकरचं रबर जागेवर बसून असतं आणि ही पट्टी आगीच्या शेजारी, भिंतीवर घासत, हजारो वेळा फिरते. ती झिजली किंवा तुटली की दाब एका खोलीतून दुसरीत निसटतो आणि इंजिनाचा जोर जातो. बाकी सगळी देखभाल म्हणजे शेवटी या पट्टीची काळजी.

बदनामी कुठून आली

हे इंजिन फेलिक्स वांकेल या जर्मन माणसाच्या कल्पनेतून आलं. एनएसयू नावाच्या जर्मन कंपनीत १९५७ साली त्याचं पहिलं इंजिन चाललं. आज ज्या रूपात ते गाड्यांत दिसतं ते सोपं रूप त्याच कंपनीतल्या हान्स डीटर पाश्के या अभियंत्याने बसवलं. एनएसयूने १९६७ साली रो ८० नावाची मोठी घरगुती गाडी बाजारात आणली. तिच्या रूपाचं आणि मऊ चालीचं एवढं कौतुक झालं की १९६८ची युरोपातली 'कार ऑफ द इयर' तीच ठरली.

पण पट्ट्यांचा प्रश्न पुरता सुटण्याआधीच ती विकायला काढली होती. सुरुवातीच्या अनेक गाड्यांची इंजिनं ५० हजार किलोमीटर पुरी होण्याआधीच गेली. कंपनी वॉरंटीत इंजिनं बदलून देत राहिली. रो ८०चे दोन मालक रस्त्यात समोरासमोर आले की आपलं कितवं इंजिन चालू आहे ते बोटं वर करून एकमेकांना दाखवत, असा किस्सा अजून सांगतात. १९६९ साली एनएसयू फोक्सवॅगनच्या पंखाखाली गेली. पुढे रो ८०चं इंजिन बरंच सुधारलं, गाडी १९७७पर्यंत बनतही राहिली, पण गेलेलं नाव परत आलं नाही.

जपानात हिरोशिमाच्या तोयो कोग्यो कंपनीने, म्हणजे आजच्या माझदाने, १९६१ साली एनएसयूशी करार करून हेच इंजिन घेतलं. तिथेही तेच दुखणं समोर आलं. भिंतीवर आतून लाटांसारखे ओरखडे उठत. तिथले लोक त्यांना सैतानाच्या नखांचे ओरखडे म्हणत. केनिची यामामोतो यांच्या हाताखाली ४७ अभियंत्यांचा गट फक्त याच कामाला बसवला गेला. त्यांच्या ध्यानात आलं की पट्टी नुसती घासत नाही, ती थरथरते, आणि थरथरीमुळे भिंत खरवडली जाते. त्यांनी पट्टीचा आकार बदलून पाहिला, धातू बदलून पाहिला. शेवटी कार्बनमध्ये ॲल्युमिनियम मुरवलेली पट्टी टिकली आणि मे १९६७मध्ये कॉस्मो स्पोर्ट ही गाडी बाजारात आली. पुढल्याच वर्षी जर्मनीतल्या न्युर्बुर्गरिंगच्या ८४ तासांच्या शर्यतीत एक कॉस्मो चौथी आली. यामामोतो नंतर त्याच कंपनीचे अध्यक्ष झाले.

पुढे आरएक्स-७ आली. १९७८ ते २००२ या काळात तिच्या आठ लाखांहून अधिक गाड्या बनल्या. १९९१ साली फ्रान्समधली ल माँची २४ तासांची शर्यत माझदाच्या चार रोटरच्या ७८७बी गाडीने जिंकली. चोवीस तास पळालेलं इंजिन नंतर उघडून पाहिलं, तर ते चांगल्या अवस्थेत होतं.

हा इतिहास सांगायचं कारण असं की एकाच इंजिनाच्या या दोन गोष्टी आहेत. एका ठिकाणी गिऱ्हाईकाच्या घरी इंजिनं मोडली, दुसऱ्या ठिकाणी ते दिवसभर पूर्ण ताकदीने पळूनही धड राहिलं. शर्यतीच्या गाडीला तिचा स्वभाव ओळखणारी माणसं चोवीस तास सांभाळत होती. आपल्या हातात येणारी सेकंडहँड गाडी तिच्या आधीच्या मालकांनी कशी सांभाळली, यावर तिचं आयुष्य ठरलेलं असतं. म्हणून लोक जेव्हा 'भरवशाची नाही' म्हणतात, तेव्हा त्यात तीन गोष्टी मिसळलेल्या असतात: इंजिनाचा खरा कच्चा भाग, मालकाचं अज्ञान आणि विकणाऱ्याने झाकलेला दोष. या तिन्ही वेगळ्या करता आल्या पाहिजेत.

ऑईल खाणं हा दोष नाही

साध्या गाडीने इंजिन ऑईल खाल्लं की आपण म्हणतो, इंजिनचं काम निघालं. रोटरीत उलटं आहे. पट्ट्यांना ओलावा मिळावा म्हणून एक छोटा पंप थोडं थोडं ऑईल मुद्दाम आत सोडतो आणि ते पेट्रोलबरोबर जळून जातं. पूर्वी आपल्या टू-स्ट्रोक स्कूटरमध्ये पेट्रोल भरताना टू-टी ऑईल टाकत असू, तसाच हा प्रकार. ऑईल संपलं तरी स्कूटर काही वेळ चाले आणि मग जाम होई, हे ज्यांनी भोगलंय त्यांना वेगळं सांगायला नको.

इथेच बहुतेक इंजिनं मरतात. मालकाला वाटतं, सर्व्हिसिंग झालंय, आता वर्षभर बघायला नको. ऑईल खाली जात राहतं. म्हणून पहिला नियम असा: दर दुसऱ्यांदा पेट्रोल भरताना गाडी सपाट जागी उभी करून ऑईलची पट्टी काढून बघायची, कमी असेल तर भरायचं. ऑईलचा एक डबा कायम डिकीत ठेवायचा. जाणकार मालक साधारण ५ हजार किलोमीटरला पूर्ण ऑईल बदलतात. कोणतं ऑईल घालायचं ते त्या देशातल्या गाडीच्या पुस्तकात पाहून ठरवावं. काही जण पेट्रोलमध्येही थोडं टू-स्ट्रोकचं ऑईल मिसळतात. ती जादा काळजी झाली. तेवढं केलं म्हणून पट्टी तपासणं सुटत नाही.

आणखी एक खूण लक्षात ठेवा. जी आरएक्स-८ अजिबात ऑईल खात नाही असं विकणारा अभिमानाने सांगतो, तिच्याबद्दल जास्त सावध व्हा. एक तर त्याने कधी बघितलेलं नाही, किंवा तो पंप काम करत नाही.

दोन मिनिटांची चूक

दुसरी सवय आणखी साधी आहे, आणि तीच सगळ्यात जास्त मोडली जाते. थंड इंजिन चालू करून लगेच बंद करायचं नाही.

समजा मुलाने सकाळी गाडी चालू केली, फाटकातून बाहेर काढली, सावलीत लावली आणि बंद केली. थंड इंजिनाला संगणक जादा पेट्रोल देत असतो. ते पूर्ण जळण्याआधीच इंजिन बंद झालं. उरलेलं पेट्रोल भिंतीवरचं ऑईल धुऊन काढतं आणि प्लग ओले करतं. ऑईल गेल्यामुळे पट्टीची पकड सैल होते आणि दाब बसत नाही. पुढच्या वेळी सेल्फ मारला तर इंजिन नुसतं फिरतं, पेट घेत नाही. पुन्हा पुन्हा सेल्फ मारला की आणखी पेट्रोल आत जातं आणि बॅटरीही उतरते. इंजिन खराब झालेलं नसतं, फक्त भिजलेलं असतं. ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून धरून सेल्फ मारला की पेट्रोलचा पुरवठा तात्पुरता थांबतो आणि बऱ्याचदा गाडी सुरू होते. नाही झाली तर प्लग काढून सुकवावे लागतात.

सुट्टीवर गावी येणाऱ्यांनी हे खास लक्षात ठेवावं. दोन महिने गाडी उभी राहणार म्हणून आपण मित्राला चावी देतो आणि सांगतो, 'आठवड्यातून एकदा दोन मिनिटं चालू करून ठेव.' साध्या गाडीला ते चालून जातं. रोटरीला तेच मारक आहे. मित्राला सांगायचं की चालू केलीस तर वीस-पंचवीस मिनिटं रस्त्यावर फिरवून आण. तेवढा वेळ नसेल तर बॅटरीची तार काढून ठेव आणि हात लावू नकोस.

तिसरी सवय ऐकून घरच्यांना नवल वाटेल. हे इंजिन अधूनमधून पळवावं लागतं. नेहमी हळू, जवळच्या जवळ फिरवलं तर आत काजळी साठते आणि पट्ट्या त्यांच्या खाचांत अडकू लागतात. इंजिन पूर्ण गरम झाल्यावर, मोकळ्या रस्त्यावर, कायद्याच्या वेगात राहूनच, खालच्या गिअरमध्ये काटा वर नेला की ती काजळी निघते. पण क्रम महत्त्वाचा आहे: आधी पूर्ण गरम होऊ द्या, मग पळवा. थंड इंजिनाला ताणणं म्हणजे उपाशीपोटी शर्यतीत धावायला लावणं.

ठिणगी आणि उष्णता

आरएक्स-८मध्ये प्रत्येक रोटरला दोन, असे चार प्लग असतात आणि प्रत्येकाची वेगळी कॉइल. कॉइल कमजोर झाली की ठिणगी अशक्त होते, पेट्रोल अर्धवट जळतं आणि उरलेलं सायलेन्सरच्या वाटेवरल्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन तिथे पेटतं. कन्व्हर्टर आतून वितळतो, चोंदतो, धुराला वाट मिळत नाही आणि सगळी उष्णता मागे इंजिनावर येते. म्हणजे एका स्वस्त कॉइलकडे दुर्लक्ष केलं तर शेवट महागड्या इंजिनावर होतो. गाडी झटके देऊ लागली, पिकअप गेला, की 'पगार झाल्यावर बघू' म्हणायचं नाही. अनुभवी मालक ५० हजार किलोमीटरच्या सुमाराला चारही कॉइल, तारा आणि प्लग एकदमच बदलून टाकतात.

उष्णतेचं तर विचारूच नका. या इंजिनाच्या काही थाळ्या लोखंडी आणि काही ॲल्युमिनियमच्या असतात. त्या एकावर एक रचून लांब बोल्टांनी आवळलेल्या असतात. दोन्ही धातू गरम झाल्यावर सारखे फुगत नाहीत. एकदा जरी इंजिन फार तापलं तरी मधली पाण्याची सीलं जाऊ शकतात आणि कूलंट आत शिरतं. त्यात आरएक्स-८चा तापमानाचा काटा फसवा आहे. तो बराच वेळ मधोमध उभा असतो आणि हलतो तेव्हा उशीर झालेला असतो. म्हणून जाणकार वेगळा, खरा आकडा दाखवणारा मीटर बसवतात. आखातातल्या उन्हात तर रेडिएटर स्वच्छ, कूलंट वेळेवर बदललेलं आणि ऑईल कूलरची जाळी धुळीने न भरलेली हवीच.

१९९१नंतरची शेवटची आरएक्स-७ याहूनही नाजूक आहे. तिला दोन टर्बो आहेत, बॉनेटखाली रबरी नळ्यांचं जंजाळ आहे आणि उष्णतेने त्या नळ्या कडक होऊन तडकतात. कूलंटची प्लास्टिकची छोटी टाकीही वयानुसार फुटते. त्यात मालकांनी ताकद वाढवायला हात घातलेला असतो. पेट्रोल अवेळी भडकलं तर एपेक्स सीलचा तुकडाच पडतो आणि तो तुकडा बाहेर जाताना टर्बोलाही घेऊन जातो. ती आता हौशी संग्राहकांची गाडी झाली आहे, पगारदार मुलाची पहिली गाडी नव्हे.

घेण्याआधी

रंग, सीट, गाण्याची सिस्टीम नंतर बघा. आधी एकच तपासणी मागा: रोटरीची कॉम्प्रेशन टेस्ट. साधा कॉम्प्रेशन गेज इथे चालत नाही. तो तीन खोल्यांपैकी सगळ्यात चांगल्या खोलीचा आकडा दाखवतो आणि झिजलेली खोली लपून राहते. रोटरीसाठी वेगळं यंत्र असतं, ते प्रत्येक रोटरचे तीन, असे दोन्ही रोटरचे सहा आकडे देतं. आरएक्स-८च्या नव्या इंजिनात हा आकडा साधारण ८.५ किलो प्रति चौरस सेंटीमीटर असतो आणि ६.९च्या खाली गेला की इंजिन मर्यादेबाहेर समजतात. आकडे चांगले हवेत तसेच एकमेकांच्या जवळही हवेत.

यंत्र जवळपास नसेल तरी एक गोष्ट करता येते. गाडी चांगली अर्धा तास चालवा, बंद करा, दहा मिनिटं थांबा आणि पुन्हा चालू करा. दाब गेलेलं इंजिन थंड असताना सुरू होतं, पण गरम असताना सेल्फ मारून मारून थकवतं. विकणारा गाडी आधीच गरम करून ठेवत असेल तर थंडही बघायला मागा, आणि थंडच दाखवत असेल तर गरम बघायचा हट्ट धरा.

मग कागद बघा. ऑईल कधी बदललं, कॉइल कधी बदलल्या, इंजिन पूर्वी उघडलंय का, कुणी उघडलं. इंजिन एकदा नवीन सीलं घालून बांधलेलं असेल तर बिचकू नका. कामाची पावती असेल आणि करणारा रोटरीचा माहीतगार असेल, तर ती गाडी कधी न उघडलेल्या गाडीपेक्षा बरी. अमेरिकेत माझदाने २००४ ते २००८च्या आरएक्स-८च्या इंजिनाची वॉरंटी वाढवून ८ वर्षं किंवा एक लाख मैल केली होती. दुखणं कंपनीलाही माहीत होतं, असाच त्याचा अर्थ. २००९च्या सुमाराला आलेल्या सुधारित आरएक्स-८मध्ये पट्ट्यांना ऑईल पोचवायची व्यवस्था सुधारली आहे. दोन सारख्या गाड्यांत निवडायचं झालं तर ती निवडावी.

घरचा हिशेब

आता अब्बांच्या प्रश्नाचं उत्तर. गाडी स्वस्त आहे कारण पुढचा खर्च तिच्या किमतीत धरलेला नाही. इंजिन पूर्ण बांधायचा खर्च अनेकदा सेकंडहँड आरएक्स-८च्या किमतीइतका येतो. पेट्रोलचं ॲव्हरेज लिटरला ८-९ किलोमीटर, शहरात त्याहूनही कमी. भोवतीच्या १३०० सीसीच्या गाड्यांशी तुलना करू नये. आरएक्स-८ बंद होण्यामागे धुराचे कडक नियम हेही कारण होतं. युरोपात तिची विक्री २०१०मध्ये थांबली आणि २०१२मध्ये उत्पादनच संपलं. म्हणजे आज मिळणारी प्रत्येक आरएक्स-८ जुनीच आहे.

माझं मत विचाराल तर तीन परिस्थितींत सरळ 'नाही' म्हणावं. घरात ही एकच गाडी असणार असेल आणि सकाळी तीन किलोमीटरवर मुलांना शाळेत सोडायचं असेल, तर नाही. आसपास रोटरीचं काम येणारं गॅरेज नसेल, तर नाही. आणि गाडी घेतल्यावर हातात काही उरणार नसेल, तर नक्कीच नाही. इंजिनाचा पैसा वेगळा बाजूला ठेवूनही गाडी परवडत असेल, तरच ती परवडते.

पण एखादा मुलगा ऐपतीत राहून, रोजच्या कामाला दुसरी साधी गाडी ठेवून, सुट्टीच्या दिवशी हात काळे करायची तयारी ठेवून ही गाडी घेत असेल, तर मी घरच्यांना सांगेन, त्याला अडवू नका. पत्त्यांत किंवा मोबाईलमध्ये जाणारा वेळ तो एक हुनर शिकण्यात घालवेल. ऑईल मोजणं, गाडी गरम होईपर्यंत थांबणं, बारीक आवाज वेळेवर ऐकणं, या सवयी पुढे कुठल्याही यंत्राला उपयोगी पडतात.

हे इंजिन अजून संपलेलं नाही. २०२३मध्ये माझदाने ते एमएक्स-३० या गाडीत परत आणलं. त्यात एकच रोटर आहे, ८३० सीसीचा, आणि तो चाकं फिरवत नाही, फक्त बॅटरीसाठी वीज तयार करतो. त्यातल्या एपेक्स सीलची जाडी २ मिलिमीटरवरून २.५ केली आहे. साठ वर्षांनंतरही हिरोशिमाचे अभियंते त्याच पट्टीवर काम करत आहेत.

ज्या घरात अशी गाडी आहे, त्यांनी डॅशबोर्डच्या खणात एक वही ठेवावी आणि तारीख, किलोमीटर, किती ऑईल घातलं एवढंच लिहावं. काय बिघडतंय ते वहीतून आधी कळतं, आणि विकताना पुढचा मालक तीच वही आधी मागेल. अशी वही कुणाकडे असेल तर तिच्यातली दोन पानं या सदरासाठी जरूर पाठवा. कुठल्या शहरात, किती किलोमीटरला, किती ऑईल लागलं, ते पुढे गाडी घेणाऱ्या मुलांच्या घरच्यांना उपयोगी पडेल.